पॅकिंग

पाच दिवस लँडमास्टर बस्त्यावच्या शेडमध्ये
चार चिऱ्यांवर उभी आहे.
वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा वारा तिच्या पोटाखालून जातो
आणि सुक्या बांगड्याचा वास
ग्रीसच्या वासात कालवून ठेवतो.

तक्रार जुनीच.
थंड असली की काटा चाळिसावर.
दाभोली नाक्याच्या पुढे, इंजिन तापलं
की वीस, बारा, आठ,
आणि सिग्नल नसलेल्या गावात नुसती थांबली तरी
शून्याला टेकून डुलकी.
बाबा काचेवर टिचकी मारायचे.
म्हणायचे, काटा खोटं बोलतो.
तरी मोचेमाडच्या पलीकडे त्यांनी गाडी कधी नेली नाही.

बस्त्यावने चेंबर उतरवला.
पंप हातात आला तो एवढासा, मुठीत मावेल असा.
आत दोन दातेरी चाकं,
एकमेकांच्या दातांत दात घालून बसलेली.
"ही बरी आसत."
मग झाकणाखालचं पॅकिंग ब्लेडने हळूहळू सोडवलं,
उजेडात धरलं.
"ह्यां कोणी कापल्यान?"

कोण कापणार.
पार्सलची वाट बघायचा धीर नसलेला,
कस्टमच्या कचेरीत दिवसभर नोंदी करून
रविवारी बनियनवर गाडीखाली शिरणारा माणूस.
कडा नखकात्रीने कापल्यासारख्या.
बोल्टची भोकं मात्र अगदी गोल.

मी ते हातात घेतलं.
तेलाने पुठ्ठा काळा झाला होता, पण कुजला नव्हता.
एका बाजूला छापील रेघा.
'गणि', आणि पुढे भोक.
भोकाच्या पलीकडे लाल शाईत ३१.
खाली कुलकर्णी बाईंच्या सहीची शेपटी.

सातवी ब, सहामाही.
पस्तीसला चार कमी.
हे प्रगतिपुस्तक मी शिलाई मशिनच्या खणात लपवलं होतं
आणि शाळेने दिलंच नाही म्हणून सांगितलं होतं.
मग एक दिवस ते खणात नव्हतं.
तेव्हापासून मी माराची वाट बघितली.
दिवाळी गेली, वार्षिक परीक्षा गेली,
माझं लग्न झालं, बाबा गेले.
आता मी पतपेढीत दुसऱ्यांचे आकडे जुळवते.

"पुठ्ठो जाड, बाय," बस्त्याव सांगत होता.
"झाकण चाकांपासून लांब ऱ्हवता.
त्येल वर चढता आणि थयसूनच फाटी फिरता.
फट केवढी? ह्या पुठ्ठ्याएवढीच."

म्हणजे काटा खरं बोलत होता.

इनासने काजूच्या पुडक्याचा खाकी कागद आणला.
बस्त्यावने तो पंपाच्या तोंडावर ताणून धरला
आणि हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने टकटक केली,
झोपलेल्या माणसाचं दार वाजवावं तशी.
लोखंडाच्या धारेवर कागद आपसूक तुटत गेला.
भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून एकेक ठोका.
बाबांची भोकं इतकी गोल कशी, ते तेव्हा कळलं.

मी म्हटलं, जुनं टाकू नका.
त्याने विचारलं नाही. चष्मा कपाळावर होता,
त्याने ते वाचलंही नसेल.
पंपात व्हॅसलिन भरलं, पहिल्या फेऱ्या कोरड्या जाऊ नयेत म्हणून.
प्लग काढून इनास हँडल फिरवत राहिला,
घामाने भिजला, शिव्या गिळल्या,
आणि काटा जागचा हलला.

बंदरापर्यंत नेली. परत आणली.
इंजिन तापू दिलं, पंखा घरघरू दिला.
जाग्यावर उभी असताना
काटा उतरत उतरत पस्तिसावर थांबला.
मी काचेवर टिचकी मारली. तिथेच.

"बरा आसा मा?" बस्त्याव म्हणाला.
मी मान हलवली.
पैसे दिले. तो सुट्टे शोधेपर्यंत
कोपऱ्यातलं जळकं तेल डब्यात भरून घेतलं.
आमच्या फाटकाला खालून वाळवी लागली आहे.